घरातली वीजतार आणि संगणकांचे जाळे

रायपूर शहराच्या तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांत फिरताना मराठी कानाला ओळखीचे शब्द अधूनमधून ऐकू येतात. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. त्या काळात आणि त्यानंतरही नोकरी, वकिली, शिक्षकी अशा निमित्तांनी अनेक मराठी कुटुंबे इकडे आली आणि इथलीच झाली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० साली काढणारे माधवराव सप्रे याच समाजातले. लेखन मात्र त्यांनी हिंदीत केले. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात आजही या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या एकत्र जमतात.

अशा एखाद्या जुन्या घराची कल्पना करावी. भिंती हातभर जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या. खालच्या बैठकीत इंटरनेटची जोडणी आलेली आहे. तिथे मुलाचा संगणक असून त्यावर त्याचे हिशेबाचे काम चालते. माडीवरच्या खोलीत घरची सून दहावीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. लग्नाआधी सुटलेली शाळा तिने मुक्त विद्यालयाच्या वाटेने पुन्हा धरली आहे. पाठ उतरवून घेणे, जुन्या प्रश्नपत्रिका पाहणे, अर्ज भरणे ही सारी कामे तिला संगणकावर करावी लागतात. पण बैठकीतून निघालेल्या वाय-फायच्या लहरी त्या भिंती ओलांडून माडीवर पोहोचेपर्यंत इतक्या क्षीण होतात की, पान अर्धे उघडते आणि तिथेच थांबते.

भिंतीला भोक पाडून तार ओढावी, असे मुलाचे म्हणणे. सासूबाईंना ते मान्य नाही.

“चुन्यातली भिंत आहे ती. एक वीट हलली की चार सुटतील,” त्या म्हणतात.

“पण आई, अर्जाची तारीख चार दिवसांवर आलीये. माझं वर्ष वाया जाईल,” सून म्हणते.

दोघींचेही खरे आहे. येथे एक तिसरा मार्ग निघू शकतो. त्या घराच्या प्रत्येक खोलीत एक तार आधीच पोहोचलेली आहे. दिवा, पंखा, इस्त्री ज्या तारेवर चालतात ती विजेची तार. या तारेतूनच संगणकांचे संदेश पाठवता येतात काय, या प्रश्नाचे उत्तर ‘येतात’ असे आहे. मात्र ते कसे येतात आणि कोठे अडतात, हे समजून घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

जात्याची घरघर आणि ओवी

आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्झ वारंवारितेची असते. याचा अर्थ असा की, तारेतील प्रवाह एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे असे पूर्ण आवर्तन करतो. ही गती संथ म्हणावी अशीच आहे. संगणकाचा संदेश वाहून नेणाऱ्या लहरी याच तारेवर सेकंदाला वीस लाखांपासून सुमारे दोन कोटी ऐंशी लाखांपर्यंत आवर्तने करतात. तंत्रज्ञांच्या भाषेत हा पट्टा २ ते २८ मेगाहर्ट्झचा आहे. त्यांतील सर्वांत संथ लहरसुद्धा विजेच्या प्रवाहापेक्षा चाळीस हजार पट चपळ असते.

पहाटे जात्यावर दळण चालले असता दोन आवाज एकाच वेळी कानी पडतात. एक जात्याची जड, सलग घरघर आणि दुसरा तिच्यावर तरंगणारा ओवीचा सूर. दोन्ही एकाच हवेतून येतात, तरी कान त्यांची गल्लत करीत नाही, कारण दोहोंच्या पट्ट्या निराळ्या आहेत. वीजतारेतही असेच घडते. ५० हर्ट्झची घरघर दिवे-पंखे चालवते आणि तिच्यावर संदेशाची ओवी चालते. दिव्याला ओवी कळत नाही. संगणकाला घरघर नको असते.

ही निवड करण्याचे काम भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचे एक लहान यंत्र करते. त्याला बाजारात पॉवरलाइन अॅडॉप्टर म्हणतात. त्याच्या आत कपॅसिटर असतो. पंख्यातही तो असतो. आपले कारागीर त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात. कपॅसिटरचा गुण असा की, प्रवाह जितका चपळ तितका त्याचा अडथळा कमी. उदाहरणार्थ, १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर घेतला, तर तो ५० हर्ट्झच्या विजेला सुमारे ३ लाख १८ हजार ओहमचा अडथळा करतो; तोच कपॅसिटर १० मेगाहर्ट्झच्या संदेशाला दीड-पावणेदोन ओहमपेक्षा अधिक अडवीत नाही. म्हणजे राजमार्गावरील जकात नाक्यासारखी स्थिती झाली. जड गाडा बाहेरच थांबतो आणि हलका जासूद आत जातो. अशी दोन यंत्रे लागतात. एक बैठकीत, इंटरनेटच्या पेटीशेजारी; दुसरे माडीवर. एक संदेश तारेवर चढवते, दुसरे तो उतरवून घेते. संगणकाला वाटते की, आपल्याला थेट जाळ्याची तार जोडलेली आहे.

संदेश चढवणे-उतरवणे एवढ्यावर काम भागत नाही. घरातील वीजतार संदेशासाठी बनवलेली नसते. ती ठिकठिकाणी फाटे फोडत जाते. ज्या फाट्याला काहीच जोडलेले नाही, त्याच्या टोकावर लहर आपटून परतते, जसा विहिरीत मारलेल्या हाकेचा प्रतिध्वनी येतो. मूळ लहर आणि परतलेली लहर एकमेकींत मिसळून काही वारंवारिता अगदी नाहीशा होतात. कोणत्या वारंवारिता बुडतील हे घराघरांत वेगळे असते आणि एकाच घरात पंखा लावल्याबरोबर बदलूही शकते.

यावर अभियंत्यांनी काढलेली युक्ती सुंदर आहे. संदेश एकाच मोठ्या लहरीवर न लादता शेकडो लहान लहरींवर वाटून द्यावयाचा. २००५ साली ठरलेल्या ‘होमप्लग एव्ही’ या मानकात अशा ९१७ वाहक लहरी वापरण्याची सोय होती. यंत्रे एकमेकांशी आधी थोडे ‘बोलून’ प्रत्येक लहरीची स्थिती तपासतात. जी स्वच्छ आहे तिच्यावर जास्त भार, जी गोंगाटात आहे तिच्यावर कमी, आणि जी बुडाली तिच्यावर काहीच नाही. शेतावर मजुरांना कामे वाटून देणारा जाणता मुकादम असेच करतो. ही तपासणी एकदा होऊन संपत नाही. ती सतत चालू राहते.

कोरब्याच्या तारा आणि डंगनियाचे कार्यालय

वीजतारेवरून बोलण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकी सैन्यातील अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी १९१० साली एकाच टेलिफोन तारेवर उच्च वारंवारितेच्या साहाय्याने एकाहून अधिक संभाषणे चालवून दाखवली. पुढे, १९२२ मध्ये, त्यांच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या एका कंपनीने विजेच्या तारांतून घरोघरी संगीत पोहोचवण्याचा उद्योग आरंभिला. १९३४ साली त्या उद्योगाला ‘म्यूझॅक’ असे नाव मिळाले. रेडिओ स्वस्त झाल्यावर घरोघरीचे हे संगीत मागे पडले आणि कंपनी हॉटेले व कार्यालये यांकडे वळली. तारेवरून गाणे ऐकण्यापेक्षा आकाशातून फुकट ऐकणे लोकांना बरे वाटले, यात नवल नाही.

विजेच्या व्यवसायाने मात्र ही कल्पना सोडली नाही. तिचा सर्वांत भारदस्त उपयोग ज्या प्रदेशात पाहायला मिळतो, त्यात छत्तीसगड येते. कोळसा, हसदेव नदीचे पाणी आणि औष्णिक वीजकेंद्रे यांमुळे कोरबा हे देशातील मोठे वीजनिर्मितीचे ठिकाण बनले. राष्ट्रीय औष्णिक वीज निगमाचे तेथील एकच केंद्र २,६०० मेगावॅट क्षमतेचे आहे. कोरब्यात निर्माण झालेली वीज १३२, २२० आणि ४०० किलोव्होल्टच्या तारांवरून रानावनांतून, धानाच्या शेतांवरून दूरदूर जाते. आता असे समजा की, वाटेत कोठे झाडाची फांदी पडून तार जमिनीशी जोडली गेली. दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांतील खटके तत्काळ खाली पडले पाहिजेत. एका टोकाने दुसऱ्याला ‘तोड’ असा निरोप सेकंदाच्या काही शतांश भागांत द्यावयाचा असतो. रानातून वेगळी टेलिफोन तार टाकायची, तर ती चोरीला जाणार, वादळात तुटणार. विजेची तार मात्र जाड, मजबूत आणि नेमकी जेथे निरोप पोहोचवायचा तेथेच गेलेली. म्हणून तिच्यावरच साधारणतः ४० ते ५०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात वाहक लहर सोडतात. तीवरून खटक्यांचे निरोप जातात, मापांचे आकडे जातात आणि उपकेंद्रांतील माणसे एकमेकांशी बोलतातही. या पद्धतीला वीजतार वाहक संदेशवहन म्हणतात. वीज खात्यातील लोक तिला ‘पीएलसीसी’ या आद्याक्षरांनीच ओळखतात.

उच्चदाबाच्या उपकेंद्राजवळून जाताना नीट पाहिले, तर तार जेथे आत शिरते तेथे ढोलासारखे एक मोठे वेटोळे टांगलेले किंवा उभे केलेले दिसते. तो लहर-सापळा. त्याचे काम कपॅसिटरच्या नेमके उलट आहे. एक मिलिहेन्रीचे असे वेटोळे ५० हर्ट्झच्या विजेला एक तृतीयांश ओहमही अडवीत नाही. परंतु १०० किलोहर्ट्झच्या लहरीला सहाशे ओहमहून अधिक अडथळा करते. त्यामुळे वीज उपकेंद्रात जाते आणि संदेश बाहेरच अडून, शेजारच्या कपॅसिटरमधून खाली उतरतो व संदेशयंत्रात पोहोचतो.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी मध्य प्रदेशच्या विद्युत मंडळातून छत्तीसगडचे विद्युत मंडळ वेगळे झाले आणि रायपूरच्या डंगनिया भागात त्याचा मुख्य कारभार सुरू झाला. २००९ च्या जानेवारीत या मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण, वितरण अशा स्वतंत्र कंपन्या झाल्या. या सर्व काळात उपकेंद्रे ज्या तारेने जोडली होती त्याच तारेवरून बोलत होती. अलीकडे मनोऱ्यांच्या माथ्यावरील भू-तारेतच प्रकाशतंतू घालण्याची पद्धत रुजली आहे व बरेचसे संदेशवहन त्यांवर गेले आहे. तरीही वाहक लहरीची जुनी पद्धत पुष्कळ मार्गांवर टिकून आहे.

हीच युक्ती संथ वेगाने वापरली की वीजमीटरही बोलू लागतात. इटलीत २००१ ते २००६ या वर्षांत सुमारे तीन कोटी ग्राहकांच्या घरी असे मीटर बसले, जे आपला आकडा वीजतारेवरूनच कळवतात. फ्रान्सने २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत जवळजवळ साडेतीन कोटी मीटर याच तत्त्वावर बसवले. मीटरचा आकडा पाठवायला घाई नसते, म्हणून तेथे ही पद्धत चांगली चालते.

घाई झाली की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. रस्त्यावरील वीजतारांतूनच गावाला इंटरनेट द्यावे, असा प्रयत्न इंग्लंडमधील मँचेस्टर भागात १९९७ मध्ये मोठ्या गाजावाजाने जाहीर झाला आणि १९९९ मध्ये गुंडाळला गेला. अमेरिकेतील मनॅसस या नगराने २००५ साली अशी सेवा सर्व नगराला दिली. २०१० मध्ये तीही बंद करावी लागली. घराच्या चार भिंतींत जे जमते ते रस्त्यावर जमले नाही, त्याचे एक कारण तारांच्या लांबीत आहे व दुसरे रेडिओलहरींत. उघड्यावरची लांब तार ही अँटेनासारखी वागते. तिच्यावर सोडलेली मेगाहर्ट्झची लहर आसमंतात पसरते आणि त्याच पट्ट्यात काम करणाऱ्या लघुलहरी रेडिओंना उपद्रव देते. हौशी रेडिओचालकांनी या सेवांना कडाडून विरोध केला. तो केवळ छंदापोटी होता असे म्हणता येणार नाही. २००४ च्या त्सुनामीत अंदमान बेटांचा संपर्क तुटला, तेव्हा बाहेरच्या जगाशी बोलणे सुरू ठेवणाऱ्यांत हेच लोक होते. त्यामुळे घरगुती यंत्रांच्या मानकात त्यांचे पट्टे, उदाहरणार्थ ७ व १४ मेगाहर्ट्झच्या आसपासचे, मोकळे सोडण्याचा नियम करण्यात आला.

पुन्हा त्या घरात

संगणकांसाठी घरातील वीजतार वापरण्याचे मानक ठरवायला काही कंपन्या २००० साली एकत्र आल्या. २००१ मध्ये पहिले मानक आले. त्याचा नाममात्र वेग सेकंदाला १४ मेगाबिट होता. २००५ मध्ये तो २०० झाला, २०१० मध्ये या पद्धतीला आंतरराष्ट्रीय अभियंता संस्थेची मान्यता मिळाली आणि २०१२ मध्ये आणखी वेगवान आवृत्ती निघाली. वेष्टनावरील हे आकडे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. तो वेग प्रयोगशाळेतील स्वच्छ तारेचा, तोही सर्व यंत्रांनी मिळून वाटून घ्यावयाचा. प्रत्यक्ष घरात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही वेग मिळत नाही असे पुष्कळदा घडते. मात्र पाठ वाचणे, अर्ज भरणे, एखादे व्याख्यान पडद्यावर पाहणे यांसाठी सेकंदाला पाच-दहा मेगाबिटही पुरेसे असतात, हेही तितकेच खरे.

तात्यापाऱ्यातील त्या कल्पिलेल्या घरी दोन यंत्रे आणली गेली, असे समजू. पहिल्या दिवशी ती बहुधा चालणार नाहीत. कारणे यंत्रात सापडणार नाहीत. घराच्या वायरिंगमध्ये सापडतील.

पहिली चूक बहुतेक ठिकाणी एकच होते. यंत्र स्पाइक गार्डमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डात लावले जाते. स्पाइक गार्डचे काम विजेतील अचानक उसळणाऱ्या चपळ लहरी गिळून टाकणे हे आहे. आपला संदेशही चपळ लहरच असल्याने तो इमानेइतबारे त्यालाही गिळतो. म्हणून यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावे आणि संगणक मात्र स्पाइक गार्डवरच ठेवावा. त्याने संगणकाच्या वीजपुरवठ्यातून निघणारा गोंगाटही अडतो.

दुसरी गोष्ट अंतराची. भिंतीच्या अलीकडचे व पलीकडचे सॉकेट डोळ्यांना चार बोटांवर दिसतात. पण एकाची तार मुख्य बोर्डापर्यंत जाऊन दुसऱ्याची तिथून परत आलेली असेल, तर संदेशाला तीस-चाळीस मीटरची प्रदक्षिणा घालावी लागते. वाटेत एमसीबी, गळती ओळखणारा खटका, जुने फ्यूज, सैल झालेले जोड असे सारे टोलनाके असतात. काही घरांना तीन फेजचा पुरवठा असतो व माडी एका फेजवर, बैठक दुसऱ्या फेजवर टाकलेली असते. एका फेजची तार दुसरीला लागून गेलेली असल्यास संदेश एकीवरून दुसरीवर काही अंशी झिरपतो, त्यामुळे काम अगदीच अडत नाही. परंतु वेग पडतो. एकाच फेजवरील सॉकेट निवडता आले तर उत्तम.

तिसरी गोष्ट इन्व्हर्टरची. मुख्य पुरवठा गेला की, इन्व्हर्टर फक्त आपल्या फेऱ्यावरील दिव्यांना व पंख्यांना वीज देतो. एक यंत्र त्या फेऱ्यावर आणि दुसरे बाहेर असेल, तर वीज जाताच बाहेरचे यंत्र मुके होते. दोन्ही यंत्रे आणि इंटरनेटची पेटीही इन्व्हर्टरच्या फेऱ्यावर घेता येतील तेव्हाच रात्रीच्या अभ्यासाची खात्री देता येईल.

गोंगाटाविषयी एक गैरसमज आढळतो. उरला आणि सिलतरा येथील पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांमुळे रायपूरची वीज ‘खराब’ होते व म्हणून तारेवरचे जाळे चालत नाही, असे सांगितले जाते. मोठ्या भट्ट्या विजेच्या दाबात चढउतार घडवतात हे खरे. पण मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील गोंगाट रोहित्र ओलांडून फारसा येत नाही. आपला शत्रू घरातच असतो. मिक्सरच्या मोटारीतील ठिणग्या, स्वस्त मोबाइल चार्जर, हलक्या प्रतीचे एलईडी दिवे, पंख्याचे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ही सारी मंडळी तारेवर सतत कुजबुजत असतात. खुंटीवर टांगलेला ट्रान्झिस्टर रेडिओ लघुलहरींवर लावून एकेका उपकरणाजवळ नेला की, कोणते उपकरण खरखरते ते लगेच कळते. यासाठी वेगळे मापनयंत्र लागत नाही.

जुन्या घरातील सर्वांत गंभीर बाब मात्र अर्थिंगची आहे. तीन छिद्रांचे सॉकेट दिसले म्हणजे अर्थिंग आहे असे आपण धरून चालतो. जुन्या दोन तारांच्या वायरिंगवर नवे सॉकेट बसवताना वरच्या मोठ्या छिद्रामागे काहीच न जोडण्याची वाईट सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, ही आपल्याकडील रूढ खूण. बोर्ड उघडल्यावर हिरवी तार दिसलीच नाही, तर त्या घरात लोखंडी कपाट, फ्रीज, इस्त्री यांपैकी कोणतीही वस्तू एखाद्या दिवशी जीव घेऊ शकते. बोर्ड उघडून पाहण्याचे काम घरच्या माणसाने करू नये. मुख्य खटका बंद करून परवानाधारक वायरमनने ते करावे. २०१२ नंतरची वेगवान यंत्रे फेज व न्यूट्रल यांच्या जोडीला अर्थिंगची तारही संदेशासाठी वापरतात. अर्थिंग नसेल तर ती जुन्याच संथ पद्धतीने चालतात आणि घेतलेले जास्तीचे पैसे वाया जातात. पैशाचे सोडले तरी, ज्या कारणाने अर्थिंग तपासले गेले तेच कारण घराला उपकारक ठरते.

परदेशी बनावटीच्या यंत्राचे खुंट आपल्या सॉकेटमध्ये नीट बसत नाहीत. मध्ये हलका जोड घालून ते बसवले, तर सैल संपर्कातून ठिणगी पडते, सॉकेट तापते व काळे पडते. आपल्या पद्धतीच्या तीन खुंटांचे यंत्रच घ्यावे. वैशाखात वळिवाची वादळे उठतात, तेव्हा ढगांचा गडगडाट सुरू होताच यंत्र सॉकेटमधून काढून ठेवलेले बरे.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतो. संदेश मीटरपाशी थांबत नाही. तो क्षीण होत होत त्याच रोहित्रावरील शेजारच्या घरातही पोहोचू शकतो. पहिल्या मानकात संदेश ५६ बिटांच्या किल्लीने झाकले जात. पुढे १२८ बिटांची किल्ली आली व ती भक्कम आहे. गोम अशी की, कारखान्यातून निघताना बहुतेक यंत्रांत एकच ठरावीक किल्ली घातलेली असते. ती बदलली नाही, तर कुलूप असूनही दार उघडे. यंत्रावर एक बटण असते. एका यंत्राचे बटण दाबून दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचे दाबले की, दोघे मिळून आपली स्वतःची नवी किल्ली बनवतात. एवढे काम कोणालाही करता येते आणि ते पहिल्याच दिवशी करावे.

एवढे सगळे करण्यापेक्षा वाय-फायची दुसरी पेटी मध्यावर ठेवणे सोपे नाही का, असे कोणी विचारील. पुष्कळ घरांत तेच सोपे असते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ पासून परवानामुक्त आहे आणि आता एकमेकींना दुवा देणाऱ्या पेट्यांचे संचही मिळतात. काँक्रीटच्या नव्या सदनिकेत, जिथे दोन खोल्यांत पातळ भिंत आहे, तिथे वीजतारेच्या मागे लागण्याचे कारण नाही. भिंत पाडणे-फोडणे चालणार असेल, तर जाळ्याची स्वतंत्र तार ओढणे सर्वांत चांगले. तिच्याशी बरोबरी दुसरी कोणतीच पद्धत करू शकत नाही. वीजतारेचा मार्ग जाड भिंतींच्या, माड्या-ओसऱ्यांच्या आणि फोडतोड नको असलेल्या घरांसाठी आहे. तात्यापाऱ्यातील ते घर तसेच आहे.

तिथे वायरमन येतो, मुख्य खटका बंद करतो आणि माडीवरचा बोर्ड उघडतो. हिरवी तार बोर्डापर्यंत आलेली असते. पण तिचे टोक कोणत्याही स्क्रूखाली न दाबता नुसते मोकळे सोडलेले आढळते.

“किती वर्षं हे असंच आहे?” सासूबाई विचारतात.

“काकू, रंग बघता बोर्ड बसवल्यापासूनच,” तो म्हणतो.

अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातले जाते, जोड घासून घट्ट केले जातात, त्यानंतर बैठकीचे यंत्र स्पाइक गार्डमधून काढून भिंतीत लागते. माडीवरच्या यंत्राचा हिरवा दिवा स्थिर होतो. अर्ज त्याच संध्याकाळी भरून होतो. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की तो दिवा अजूनही केशरी होतो. त्यामुळे सुनेच्या अभ्यासाच्या दोन तासांत चटणी पाट्यावर वाटायची, असे सासूबाईंनी ठरवून टाकले आहे.